विद्यापीठात तक्रार कुठे करायची आणि तडीस कशी न्यायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. खऱ्या तक्रारीसुद्धा वाया जाताना दिसतात, आणि त्यामागची कारणं बहुधा साधीच असतात. तक्रार तोंडी राहिलेली असते, चुकीच्या टेबलावर गेलेली असते किंवा मुदत उलटल्यावर पोहोचलेली असते. म्हणून इथे कायद्याइतकाच भर कागदावर आणि तारखांवर दिला आहे.

सगळ्यात आधी कोणाकडे जायचं?

ज्याच्या हातात ती गोष्ट दुरुस्त करणं आहे त्याच्याकडे. हजेरीची नोंद चुकली असेल तर विषयशिक्षक आणि विभागप्रमुख. फी, टीसी, बोनाफाईड, शिष्यवृत्ती यांसाठी महाविद्यालयाचं कार्यालय आणि त्यावर प्राचार्य. निकाल आणि गुणपत्रिकेसाठी महाविद्यालयाचे परीक्षा अधिकारी आणि त्यांच्यामार्फत विद्यापीठाचा परीक्षा विभाग. थेट कुलगुरूंना पत्र लिहिलं तर ते बहुधा शेरा मारून खाली याच टेबलावर येतं, आणि मध्ये काही आठवडे जातात. अपवाद दोन: रॅगिंग आणि लैंगिक छळ. तिथे विभागप्रमुखांपासून सुरुवात करायची गरज नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

सरांना तोंडी सांगितलंय. ते म्हणाले, बघतो. पुरेसं नाही का?

सांगा, जरूर सांगा. पुष्कळ गोष्टी दोन मिनिटांच्या बोलण्याने सुटतात. पण आठवड्याभरात काही हललं नाही, तर त्याच गोष्टीचा लेखी अर्ज द्या. तक्रार निकाली काढायच्या नियमांतल्या मुदती अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. अर्ज नसेल तर ती तारीखच नसते, आणि चार महिन्यांनी "आमच्याकडे अशी कुठलीही तक्रार आली नाही" हे कार्यालयाचं उत्तर कागदोपत्री खरं ठरतं.

अर्जात काय लिहायचं?

एक पान. एकच विषय. फी परत हवी आहे आणि वसतिगृहात पाणी येत नाही, हे दोन वेगळे अर्ज आहेत.

वर प्रति, ज्यांना लिहिताय त्यांचं पद, तारीख. विषयाच्या ओळीतच काय हवंय ते सांगा: "तृतीय वर्ष बी.कॉम., सत्र ५ च्या निकालात एका विषयात अनुपस्थित दाखवल्याबाबत व दुरुस्ती होण्याबाबत". मग तुमचं पूर्ण नाव, वर्ग, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) किंवा बैठक क्रमांक, मोबाइल, ईमेल. त्यानंतर घटना तारखेनुसार: अमुक तारखेला पेपर दिला, अमुक तारखेला निकाल लागला, अमुक तारखेला परीक्षा विभागात भेटलो. शेवटी मागणी स्पष्ट शब्दांत, "माझी उत्तरपत्रिका शोधून सुधारित निकाल द्यावा" अशी. "योग्य ती कार्यवाही व्हावी" एवढंच लिहिलं तर काय केलं म्हणजे तक्रार मिटली हे ठरवायचं काम तुम्ही समोरच्याच्या हाती देता.

सोबत जोडलेल्या कागदांची यादी अर्जाखालीच लिहा आणि झेरॉक्स जोडा, मूळ कागद कधीही नाही.

रागाच्या भरात लिहिलेलं एक रात्र ठेवा आणि सकाळी वाचा. "क्लार्क भ्रष्ट आहे" हे वाक्य तुम्हाला सिद्ध करावं लागेल. "पावती न देता रोख रक्कम मागितली, तारीख ही, खिडकी क्रमांक हा" हे वाक्य चौकशीला उपयोगी पडतं.

कार्यालय अर्जच घेत नाही. "ठेवून जा" म्हणतात.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. हीच तुमची पोच. देत नसतील तर वाद घालू नका. त्याच दिवशी टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. शिवाय अर्जाचा स्कॅन महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलेली तक्रार कुठेच नोंदली जात नाही.

विद्यार्थी तक्रार निवारण समिती म्हणजे नेमकं कोण?

विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे विनियम लागू केले. त्यांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अशी समिती हवी, म्हणजे तुमच्या महाविद्यालयातही. अध्यक्ष प्राध्यापक, चार सदस्य प्राध्यापक किंवा ज्येष्ठ अध्यापक, आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून. अध्यक्ष किंवा सदस्यांपैकी किमान एक महिला असावी, आणि किमान एक जण अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती किंवा इतर मागासवर्गातला असावा. सदस्यांची मुदत दोन वर्षांची, विद्यार्थ्याची एक.

समितीपुढे काय नेता येतं, याची व्याप्ती बऱ्याच जणांना वाटते त्याहून मोठी आहे. गुणवत्ता डावलून दिलेला प्रवेश, माहितीपुस्तिकेतली खोटी आश्वासनं, जाहीर केलेल्यापेक्षा जास्त पैशांची मागणी, अडवून ठेवलेले मूळ दाखले, आरक्षणाच्या नियमांचा भंग, रखडलेली शिष्यवृत्ती, वेळापत्रकापेक्षा लांबलेली परीक्षा किंवा निकाल, अपारदर्शक मूल्यमापन, न मिळालेल्या सुविधा, भेदभाव, छळ हे सगळं त्यात येतं. म्हणजे "ही आमच्या समितीच्या कक्षेतली बाब नाही" असं उत्तर मिळालं, तर ते लेखी मागा.

समितीसमोर तुम्ही स्वतः जाऊ शकता किंवा तुमच्या वतीने प्रतिनिधी पाठवू शकता. पहिल्या वर्षाच्या मुलांनी सोबत कोणाला तरी न्यावं असं मला वाटतं, कारण टेबलापलीकडे पाच वरिष्ठ बसलेले असताना आपलं म्हणणं नीट मांडणं सोपं नसतं.

समितीने किती दिवसांत निर्णय द्यायला हवा?

तक्रार मिळाल्यापासून शक्यतो १५ कार्यालयीन दिवसांत समितीने आपल्या शिफारशींचा अहवाल संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याला द्यायचा आणि त्याची प्रत तुम्हालाही द्यायची. विनियमांत "शक्यतो" हा शब्द आहे आणि दिरंगाई होते ती त्याच्याच आधाराने. सोळाव्या कार्यालयीन दिवशी एक छोटं स्मरणपत्र द्या. त्यात आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख लिहा, बाकी काही नको.

निर्णय पटला नाही तर?

लोकपालांकडे अपील. निर्णय हाती पडल्यापासून १५ दिवसांत. या मुदतीत चूक करू नका.

प्रत्येक विद्यापीठाने लोकपाल नेमायचा असतो, आणि तो विद्यापीठासोबत संलग्न महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठीही असतो. त्या जागी निवृत्त कुलगुरू, दीर्घ अनुभवाचे निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात. अपील आल्यापासून ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न त्यांनी करायचा आहे. अंतर्गत सगळे मार्ग वापरून झाल्यावरच त्यांच्याकडे जाता येतं, त्यामुळे आधीच्या अर्जांच्या पोच इथे कामाला येतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. "माझे गुण वाढवा" एवढ्यासाठी लोकपाल अपील घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभावाचं ठोस उदाहरण दाखवावं लागतं. आणि तक्रार खोटी किंवा निव्वळ त्रास देण्यासाठी केलेली आढळली, तर तक्रारदारावर कारवाईची शिफारसही ते करू शकतात.

आमच्या विद्यापीठात लोकपाल आहेत की नाहीत, हेच कळत नाही.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नाव आणि ईमेल असायला हवं. जून २०२४ मध्ये आयोगाने लोकपाल न नेमलेल्या १५७ विद्यापीठांची यादी जाहीर केली होती, म्हणजे ही अडचण तुमच्या एकट्याची नाही. नाव सापडत नसेल तर अपील कुलसचिवांच्या नावे "लोकपालांकडे सादर करण्यासाठी" असं लिहून १५ दिवसांच्या आतच द्या आणि पोच घ्या. त्याच वेळी आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर लोकपाल नसल्याची तक्रार नोंदवा. विनियम न पाळणाऱ्या संस्थेचं अनुदान रोखण्यापर्यंतचे अधिकार आयोगाकडे आहेत.

पेपर दिला होता, निकालात "अनुपस्थित" आलंय. घाबरलोय.

घाबरू नका. ही चूक होते आणि दुरुस्तही होते, फक्त लगेच हालचाल करायला हवी. तुमच्या हॉल तिकिटावर त्या दिवसाची पर्यवेक्षकांची सही असेल तर ती पहिला पुरावा. दुसरा पुरावा परीक्षा केंद्राकडे आहे: वर्गात फिरवलेला हजेरीचा कागद, ज्यावर तुमची सही आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक असतो. ज्या महाविद्यालयात परीक्षा दिली तिथल्या परीक्षा अधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि त्या हजेरीची साक्षांकित प्रत जोडून विद्यापीठाला पत्र पाठवण्याची विनंती करा. त्या पत्राचा जावक क्रमांक लिहून घ्या. परीक्षा विभागात पाठपुरावा करताना तोच विचारतात.

पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आली आणि दुरुस्ती झाली नसेल, तर त्या विषयाचा फॉर्मही भरून ठेवा. अन्याय वाटतो हे खरं, पण सहा महिने जाण्यापेक्षा ते बरं.

गुण अपेक्षेपेक्षा फार कमी आहेत.

ही तक्रार समितीकडे न्यायची नाही. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत, गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन. निकालानंतर अर्जाची खिडकी बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते, म्हणून निकालाच्या दिवशीच परिपत्रक शोधा. छायाप्रत आधी मागवा. न तपासलेलं उत्तर आहे का, आतल्या पानांवरचे गुण मुखपृष्ठावर आलेत का, बेरीज बरोबर आहे का, हे पाहा. विषयाच्या दुसऱ्या शिक्षकांना दाखवा. मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा.

छायाप्रतीची सोय मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा रस्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात तपासलेली उत्तरपत्रिका ही "माहिती" असल्याचं आणि परीक्षार्थीला ती पाहता येईल असं स्पष्ट केलं.

इंटर्नलमध्ये मुद्दाम कमी दिलेत असं वाटतं.

अंतर्गत गुणांना सहसा पुनर्मूल्यांकन नसतं, म्हणून इथे समितीचाच मार्ग. "वाटतं" यावर थांबू नका. सबमिशनची सही असलेली फाईल, चाचणीचा पेपर, हजेरी आणि गुणांचे जाहीर निकष हे जमवा. निकषच जाहीर केले नसतील तर तीच तुमची पहिली तक्रार: अपारदर्शक मूल्यमापन.

निकाल महिनोन् महिने लागत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावायचा. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात संगणकावरच्या पेपर तपासणीचा गोंधळ झाला, निकाल रखडले, मुलांचे परदेशातले आणि इतर विद्यापीठांतले प्रवेश अडकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. निकालाला उशीर होणं ही किती गंभीर गोष्ट आहे, हे सांगायला हे उदाहरण पुरेसं आहे. वर्गातल्या सगळ्यांचा निकाल अडकला असेल तर सह्यांचा एकत्रित अर्ज द्या. एकट्याचाच निकाल राखून ठेवला असेल तर बहुधा पात्रता किंवा मागच्या सत्राच्या गुणांची नोंद अडकलेली असते. महाविद्यालयात कारण विचारा.

प्रवेश रद्द केला. महाविद्यालय फी परत देत नाही आणि मूळ कागदही देत नाही.

मूळ कागदांचा मुद्दा साधा आहे: तपासून लगेच परत द्यायचे. फी वसूल करण्यासाठी ते अडवून ठेवता येत नाहीत.

फीबद्दल आयोगाची २०१८ ची अधिसूचना अशी: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी रद्द केला तर १०० टक्के परतावा, त्यातून मर्यादित प्रक्रिया शुल्क वजा. शेवटच्या १५ दिवसांत ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे काही नाही. पण आयोगाने काही वर्षी त्या वर्षापुरतं जास्त उदार धोरण काढलं आहे. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता. त्यामुळे तुमच्या वर्षाचं परिपत्रक आधी पाहा. राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षामार्फत झालेल्या प्रवेशांना त्या कक्षाचं वेळापत्रक आणि नियम लागतात. आणि प्रवेश रद्द केल्याचा अर्ज त्याच दिवशी आवक करा, कारण टक्केवारी त्या तारखेवर ठरते.

व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या विनाअनुदानित महाविद्यालयाने मंजूर फीपेक्षा जास्त मागितली, तर शुल्क नियामक प्राधिकरणाकडे जायचं. मंजूर फी त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते.

शिष्यवृत्ती आलेली नाही, आणि "आधी फी भरा, नाहीतर हॉल तिकीट नाही" असं म्हणतात.

शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याची अशी अडवणूक करू नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी काढल्या आहेत. आधी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, तुमचा अर्ज नेमका कुठे आहे ते पाहा. महाविद्यालयाच्या लॉगिनला पडून आहे, त्रुटीसाठी तुमच्याकडे परत आला आहे, की समाजकल्याण कार्यालयाकडे आहे? महाविद्यालयाकडेच अडकला असेल तर स्थितीचा स्क्रीनशॉट जोडून प्राचार्यांना अर्ज द्या. पुढे गेला असेल तर जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांना, इतर मागास बहुजन कल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या योजना असतील तर त्या त्या कार्यालयाला. आधार बँक खात्याशी जोडलेलं आहे का, हेही तपासा.

मुलींसाठी एक महत्त्वाचं: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये किंवा त्यापेक्षा कमी असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ मिळतो. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत. पैशाअभावी शिक्षण सोडायचा विचार करणाऱ्या प्रत्येक मुलीपर्यंत हे पोहोचायला हवं. हा निर्णय दाखवूनही पूर्ण फी मागितली, तर मागणी लेखी घ्या आणि उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या सहसंचालक कार्यालयात तक्रार करा.

रॅगिंग होतंय. नाव कळलं तर आणखी त्रास देतील.

१८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि नाव गुप्त ठेवता येतं. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड, दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढणं आणि पुढची पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. फौजदारी गुन्हा दिसत असेल तर आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार २४ तासांत पोलिसांत तक्रार संस्थेने द्यायची आहे. मारहाण झाली असेल तर आधी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. मेसेज, कॉल यांचे स्क्रीनशॉट पुसू नका.

मन फार खचलं असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तक्रार नंतरही करता येईल. आज कोणाशी तरी बोला.

लैंगिक छळाची तक्रार कुठे?

संस्थेच्या अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. २०१५ चे आयोगाचे विनियम विद्यार्थिनींसोबत विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही लागू आहेत. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात समितीवर विद्यार्थी सदस्यही असतात. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची.

अनेक मुली गप्प राहतात, कारण त्रास देणाऱ्याच्याच हाती गुण किंवा पीएच.डी. असते. म्हणून हे माहीत असू द्या: चौकशी चालू असताना त्या व्यक्तीला तुमच्या कामाचं, चाचण्यांचं, परीक्षेचं मूल्यमापन करण्यापासून थांबवण्याची मागणी तुम्ही करू शकता. तक्रारीच्या अर्जातच ती लिहा. पोलिसांत जाण्याचा हक्क वेगळा आहे, समितीकडे गेल्याने तो संपत नाही.

जातीवरून किंवा अपंगत्वावरून भेदभाव झाला तर?

संस्थेतलं समान संधी केंद्र, भेदभावविरोधी अधिकारी आणि विद्यापीठाचा अनुसूचित जाती-जमाती कक्ष. जातिवाचक अपमान, धमकी किंवा मारहाण असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली थेट पोलीस ठाणं. अपंग विद्यार्थ्याला लेखनिक किंवा तासाला २० मिनिटांचा जादा वेळ नाकारला, तर पेपर सुरू असतानाच केंद्रप्रमुखांकडे लेखी नोंद करा, आणि दाद न मिळाल्यास पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जा.

कॉपी केस चुकीची केली आहे.

दबावाखाली काहीही लिहून देऊ नका, आणि सही करण्याआधी पूर्ण वाचा. नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी हा तुमचा हक्क आहे. सुनावणीला गैरहजर राहू नका.

तक्रार केली तर नापास करतील, ही भीती खोटी आहे का?

खोटी नाही. म्हणूनच शक्य तिथे चार-पाच जणांनी मिळून सह्या करा, आणि तक्रारीनंतर काही वेगळं वागवलं गेलं तर तारखेसह लिहून ठेवा. तक्रारीवरून त्रास देणं ही स्वतंत्र तक्रार होते. निनावी पत्रावर मात्र फार अवलंबून राहू नका. रॅगिंग सोडलं तर त्याचं पुढे सहसा काही होत नाही.

विद्यार्थी संघटनांची मदत घ्यायला हरकत नाही, निवेदनाला वजन येतं. पण अर्ज तुमच्या नावाने आणि पोच तुमच्या हातात राहू द्या.

माहिती अधिकार कधी वापरायचा?

"माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, दिनांकनिहाय माहिती व टिपणीची प्रत द्यावी". एवढा प्रश्न पुरतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, महाराष्ट्राच्या नियमानुसार १५० शब्दांच्या आत. उत्तर ३० दिवसांत, नाही तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत. अनेकदा हा अर्ज पोहोचला की मूळ फाईल हलू लागते.

ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाऊ का? की कोर्टात?

परीक्षा आणि निकालासाठी ग्राहक आयोगाचा उपयोग नाही. परीक्षा मंडळ सेवा पुरवत नाही आणि परीक्षार्थी ग्राहक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिहारच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणात म्हटलं आहे. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरची सर्किट बेंच. प्रवेशाची तारीख उद्यावर आली असेल तेव्हा हाच खरा उपाय असतो. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे किंवा आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि अपंग अर्जदार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळतं.

तुमचं काम करतो, अर्ज मागे घ्या, असं म्हणाले.

आधी काम होऊ द्या. सुधारित गुणपत्रिका, खात्यात जमा झालेली फी, परत मिळालेला दाखला हाती आला की मग "तक्रारीचं निराकरण झालं" असं तारखेसह लिहून द्या, आणि त्या कागदाचीही पोच घ्या.